हलू नका, अब्बा

मी ट्रायपॉड बोलतोय. कॅमेरा ज्याच्या डोक्यावर बसवतात, तो तीन पायांचा काळा स्टँड. मला डोळे नाहीत; जे दिसतं ते कॅमेऱ्याकडून कळतं. फोटो कॅमेरा काढतो, कौतुकही त्याचंच होतं. माझ्या वाट्याला जमीन येते. जमिनीतून जे काही थरथरत वर येतं, ते माझ्या पायांना सगळ्यांआधी कळतं.

कारखान्यात मला ओढून, पिळून, वजनं टांगून तपासलं आणि खोक्यात घालून पुण्याला धाडलं. खोकं उघडलं अफशीननं. आयटी कंपनीत नोकरी, येरवड्यात अम्मी-अब्बांबरोबर राहणारी मुलगी. तिला लाँग एक्स्पोजर शिकायचं होतं. म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा पापणी लवते तेवढाच न उघडता बराच वेळ उघडा ठेवायचा. तेवढ्या वेळात जे स्थिर राहतं ते फोटोत उमटतं, जे हलतं ते विरघळतं. उजेडात हे करायचं तर भिंगापुढे जवळजवळ काळी काच लावावी लागते.

पहिले फोटो फुकट गेले. बटण दाबताना तिचंच बोट कॅमेऱ्याला धक्का द्यायचं, नाहीतर मी वाऱ्यानं डुलायचो. मग ती टायमर लावायला शिकली. माझ्या पोटाखाली पिशवी अडकवून मला जड करायलाही शिकली.

एका रविवारी दुपारी आम्ही शनिवार पेठेजवळ, नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी उभे होतो. एक आजोबा थांबले.

"पूल हलतोय का बघताय? हलला की आम्हालाही कळवा."

ते निघून गेले. पडदा उघडला, बऱ्याच वेळानं मिटला. अफशीन स्क्रीनवर वाकली आणि तशीच राहिली.

"सगळे गेले कुठे?" ती स्वतःशीच म्हणाली.

फोटोत पूल रिकामा होता. कठड्याला टेकवलेली एक सायकल, बस्स. माणूस एकही नाही. ती सगळी माणसं अजून माझ्या पायांत चालत होती.

पुढच्या सुट्टीला तिनं मला घरी, हॉलमध्ये उभं केलं. समोर खुर्चीत अब्बा, अय्युबभाई. लग्नाच्या, बारशाच्या भांड्यांवर नावं घालून देण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नाव घालायचं मशीन हातात घेतलं की अक्षर मोत्यासारखं.

"हलू नका, अब्बा. श्वास घेतला तरी चालेल."

"मेहेरबानी," अब्बा म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून बसले.

पडदा उघडला. तेवढ्यात फरशीतून काहीतरी माझ्या पायांत आलं. बारीक, एकसारखं. पंखा बंद होता. खाली रस्त्यावर बस नव्हती. ते खुर्चीच्या पायांतून येत होतं.

फोटो बघून अफशीननं हाक मारली. तिच्या अम्मी, मेहरुन, स्वयंपाकघरातून आल्या.

"चेहरा छान आलाय," त्या म्हणाल्या. "चष्मा, बटणं... अगं, उजवा हात कुठंय?"

बाहीच्या टोकाला धुकं होतं. डावा हात नखांसकट स्वच्छ, उजव्याच्या जागी नुसता धूर. अफशीननं पुन्हा फोटो काढला. पुन्हा तोच धूर.

"अब्बा, हललात तुम्ही."

"खुदा कसम, नाही हललो." अब्बांनी हात खिशात घातला. पण आवाज उतरला होता.

मेहरुन हळूच म्हणाल्या, "हल्ली पेपर वाचताना तुमच्या हातात तो वाजतो. मला वाटलं, वारा."

अब्बांनी हात खिशातून काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "काम करताना काही होत नाही. हात स्वस्थ ठेवला की सुरू होतं. मला वाटलं, जाईल."

ते गेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी हात मांडीवर ठेवायला सांगितला, गप्पा मारता मारता त्याच्याकडे बघत राहिल्या आणि आजाराचं नाव सांगितलं. पार्किन्सन्स. औषधानं आवरता येईल, पुरता जाणार नाही.

अफशीननं मला घडी करून कपाटावर टाकलं. खाली काढलं ते अब्बांनीच.

"काढ फोटो. आरशात मला हे असं दिसत नाही. कुठवर आलंय ते बघू दे."

तेव्हापासून ते अधूनमधून त्याच खुर्चीत बसतात आणि मी समोर उभा राहतो. औषधानं काही दिवस धुकं मनगटावर थांबलं होतं. मग वर सरकू लागलं. परवा अफशीन म्हणाली, "कोपरापर्यंत."

मग मेहरुन उठल्या. खुर्चीशेजारी स्टूल ओढून त्यांनी अब्बांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आता हलतो कसा, बघते."

पडदा उघडला. फरशीतून तीच थरथर आली, पण आता ती खुर्चीतून येत होती आणि स्टुलातूनही.

"अम्मी," अफशीन स्क्रीन बघत म्हणाली, "तुझेही हात नाहीत यात."

"नसू देत," मेहरुन म्हणाल्या. पण हात सोडला नाही.

मी आता हॉलच्या कोपऱ्यात उघडाच असतो. खांद्यावर कधी टॉवेल वाळत असतो. माझी तक्रार नाही. मागणं एकच आहे. कधी या घरी आलात, तर अय्युबभाईंच्या हाताकडे टक लावून बघू नका. ते स्वतः चहा आणतील, त्यांना आणू द्या. बशीत कप वाजेल. तुम्ही बोलत राहा.