अल्टरनेटरची बेरिंगं

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून श्रीनिवासच्या तोंडात एकच शब्द उरला होता. बरं. चहा हवा असला तरी बरं, नको असला तरी बरं. उजवा हात लुळा पडलेला, पाय जरा ओढत. डोकं मात्र शाबूत होतं.

वाळूजच्या एका कारखान्यात, मशिनरीच्या देखभालीत त्याची सगळी नोकरी गेली होती. घरची निळी गाडी जुनी झाली तरी त्यानं विकली नव्हती. तिचं सगळं काम तोच करायचा आणि चालवायचाही तोच. बायकोकडे, उमाकडे, लायसन होतं, पण स्टिअरिंग क्वचितच तिच्या हाती आलं होतं. आता त्याला फिजिओथेरपीला न्यायचं तर तिलाच चालवणं भाग होतं.

पहिल्या दिवसापासून तो चिडायला लागला. गाडी सुरू झाली की डाव्या हातानं डॅशबोर्डवर थापा मारायचा आणि ओरडायचा, “बरं! बरं!”

उमानं वेग कमी केला, गिअर जपून टाकले, सेव्हन हिलचा गर्दीचा पूल टाळून आतल्या रस्त्यांनी गाडी नेली. थापा काही थांबेनात. शेवटी आकाशवाणीच्या चौकापुढे तिनं गाडी कडेला घेतली.

“अहो, विश्वास नसेल तर उतरा. मला याहून चांगली नाही चालवता येत.”

तो खिडकीबाहेर बघत बसला. दुसऱ्या दिवसापासून ती त्याला रिक्षानं नेऊ लागली. घरात दोघांचं बोलणं तसंही एकीकडूनच होतं; आता तेही कमी झालं.

दिवाळीनंतर त्यांची मुलगी अश्लेषा पुण्याहून आली. वडिलांना जरा फिरवून आणावं म्हणून तिनं त्यांना गाडीत बसवलं आणि किल्ली फिरवली. लगेच ती उतरून फाटकाशी उभ्या असलेल्या आईकडे आली.

“आई, केवढी किंचाळतेय गाडी!”

“कुठं काय?”

“अगं, शिट्टीसारखं! तुला खरंच ऐकू येत नाही?”

उमा बॉनेटवर वाकली. तिला इंजिनची घरघर ऐकू आली, बाकी काही नाही. तिनं मान वर करून काचेतून पाहिलं. श्रीनिवास रडत होता.

तो इतके दिवस काय सांगत होता ते उमाला तिथं उभ्या उभ्या कळलं. तिनं दार उघडून त्याला हात दिला आणि उतरवून घेतलं.

त्यानं खुणेनं हत्यारांची पेटी आणायला लावली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक फिरत्या पट्ट्यापासून दूर, अल्टरनेटरवर टेकवलं आणि मुठीला कान लावायची अश्लेषाला खूण केली. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आतून खरखरत होता. त्याचा दांडा ज्या दोन बेरिंगांवर फिरतो, ती झिजली होती.

“गॅरेजला देऊ या, आई.”

श्रीनिवासनं पेटीवर हात ठेवला. तो तिथून हलेना.

“त्यांना इथंच करायचंय,” उमा म्हणाली. “करू या. ते दाखवतील, मी खोलते.”

आधी बॅटरीची वायर काढली, मग पट्टा सैल करून अल्टरनेटर बाहेर घेतला. श्रीनिवास खुर्चीवर बसून बोटानं दाखवत होता. उघडण्याआधी त्यानं खडूनं दोन्ही झाकणांवर मिळून एक रेघ ओढली, परत बसवताना चुकू नये म्हणून. जुनी बेरिंगं पुलरनं ओढून निघाली. ती घेऊन अश्लेषा मोंढा नाक्यावरच्या दुकानात गेली आणि त्याच नंबरची नवी घेऊन आली.

पुढचं बेरिंग झाकणात नीट बसलं. मागचं दांड्यावर अर्ध्यात अडलं. उमानं हातोडी घेतली आणि बेरिंगच्या बाहेरच्या कडीवर नेम धरला.

“बरं!” श्रीनिवास ओरडला आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

“नको?”

त्यानं आतल्या कडीवर बोट ठेवलं. मग पेटीतून एक नळी शोधून काढली, फक्त आतल्या कडीवरच टेकेल अशी. नळी त्यानं डाव्या हातानं धरली, हातोडी उमानं मारली. एक ठोका त्याच्या अंगठ्यावर बसला. अश्लेषा बर्फ आणायला धावली. त्यानं अंगठा तोंडात घातला, काढला आणि पुन्हा नळी धरली.

“बघू द्या तरी मला,” उमा म्हणाली.

त्यानं मान हलवली. बेरिंग बसलं.

सगळं जोडून गाडी सुरू केली. अश्लेषानं कान देऊन ऐकलं. “गेला आवाज.”

उमाला तेव्हाही फरक कळला नाही. श्रीनिवास मात्र शांत बसला होता आणि त्याचा सुजलेला अंगठा बर्फाच्या वाटीत होता.

अश्लेषा परत जाण्याआधी आईला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. शिट्टीसारखे बारीक आवाज उमाला आता यंत्राशिवाय ऐकू येणार नव्हते. यंत्र लावल्यावर पहिले काही दिवस तिला भांड्यांचा आवाजही सोसेना.

पुढच्या महिन्यात उमानं गाडी काढली आणि दोघं वैजापूरला श्रीनिवासच्या बहिणीकडे, रत्नमालाताईंकडे, गेली. तो आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच. वाटेत डॅशबोर्डवर एकही थाप पडली नाही. ताईंनी पुरणपोळी केली होती. तो डाव्या हातानं सावकाश जेवला, खुणेनं तूप मागून घेतलं. जेवण झाल्यावर ताई त्याला जुन्या ओळखीच्या लोकांविषयी सांगत बसल्या आणि उमा आतल्या खोलीत जरा आडवी झाली.