माळ्यावरची होडी

आमच्या गल्लीत प्रत्येक घराच्या माळ्यावर एक होडी आहे. नदी इथून कोसभर लांब, समुद्र तर नकाशातच! घर घेतलं तेव्हा आमच्याही माळ्यावर ती बघून मी कपाळावर हात मारला. शेजारचे शिंपीकाका म्हणाले, "वहिनी, ही वस्ती तळं बुजवून उभी केलीय. तळं कधीतरी परत येईल, असं आमचे आजोबा सांगून गेलेत."

"येऊ दे की, चहा पाजू," मी म्हणाले.

आमचे हे सुतार. त्यांनी ती होडी कापून दोघी मुलींसाठी झकास कपाट केलं. गल्लीतलं एक माणूस बघायला आलं नाही. म्हटलं, जळतात मेले!

गेल्या आठवड्यात स्वयंपाकघराची फरशी ओली दिसली. प्लंबर म्हणाला, "पाइप ठणठणीत आहेत, पाणी खालून येतंय." पुसून पुसून माझे हात भरून आले. आज सकाळी एक फरशी उचलली गेली आणि फटीतून चिमुकला मासा वर आला.

मी तणतणत दार उघडलं. गल्लीभर लोक दोर सोडून होड्या खाली उतरवत होते. शिंपीकाका नातवाला होडीत बसवत होते.

"काका," मी कसंबसं म्हणाले, "तुमच्यात आमच्या मुली तरी मावतील ना?"

काकांनी वर पाहिलंच नाही. दोराची गाठ आवळत म्हणाले, "होडी घरातली माणसं मोजूनच बांधतात, वहिनी. तुमचीही, तुम्ही राहायला यायच्या आधी, गल्लीनं बरोब्बर चौघांची बांधली होती."