दुसरं कोणी लिहीत आहे

इंद्रजीतने लॅपटॉपची नेटची वायर उपटली आणि पुन्हा ‘सेव्ह’ दाबलं. स्क्रीनवर तीच ओळ आली: ‘थांबा. दुसरं कोणी लिहीत आहे.’

ही ओळ त्याचीच. उरणकडच्या एका मच्छीमार सोसायटीसाठी, खांदा कॉलनीतल्या याच खोलीत, त्याने होड्यांच्या नोंदींचं छोटंसं वेब ॲप्लिकेशन बनवलं होतं. डेटाबेस कुठला घ्यायचा यावरून भागीदार चारुदत्तशी त्याची चांगलीच जुंपली होती. चारुदत्तला सर्व्हरवाला, भक्कम डेटाबेस हवा होता. लिहिणारी बाई एक, लॅपटॉप एक, तिथे दारात हत्ती कशाला बांधायचा, असं म्हणत इंद्रजीतने सगळा माल एका फाइलीत मावेल असा हलका डेटाबेस निवडला. त्या डेटाबेसची अट एवढीच, एका वेळी एकानेच लिहायचं, बाकीच्यांनी थांबायचं.

ती लिहिणारी बाई, किशोरी, सोसायटीचा लॅपटॉप घेऊन आता त्याच्यासमोर बसली होती. तिचा भाऊ प्रणित नारळी पुनवेनंतर होडी घेऊन गेला तो परतलाच नव्हता. शोध थांबला होता. सोसायटीने आज तिलाच त्या होडीपुढे ‘बेपत्ता’ लिहायला सांगितलं होतं, आणि नोंद काही केल्या होईना.

“किशोरीताई, अजून कोणी वापरतं का हा?”

“नाय. माझ्याबिगर कोन हात लावनार?”

त्याने लॅपटॉप बंद करून चालू केला. एवढ्याने अडकलेली नोंद सुटायलाच हवी. सुटली नाही. त्याने चारुदत्तला फोन लावला.

“फाइल उडव, जुनी कॉपी टाक,” चारुदत्त म्हणाला. “आणि तुझ्या हलक्याफुलक्या डेटाबेसला माझा नमस्कार सांग!”

उडवण्याआधी त्याने प्रणितच्या होडीची नोंद उघडली. होडी निघाली की दाबायचं बटण त्याने आधी ‘गेली’ असं केलं होतं. किशोरीने ते कधी दाबलंच नाही. दर्यावर निघताना ‘जातो’ म्हणायचं नसतं, ‘येतो’ म्हणायचं, असं तिने त्याला दटावलं होतं. मग त्याने हसत हसत बटणं बदलली. निघाली की ‘येते’, परतली की ‘आली’.

इथे मात्र ‘येतो’ होतं.

“हे तुम्ही लिहिलंत?”

किशोरी पुढे वाकली. “मी ‘येते’च दाबलेलं. होडीला कोन ‘येतो’ म्हनल?”

असं बटण त्याने केलेलंच नव्हतं. त्याचं बोट फाइल उडवायच्या बटणावर गेलं. किशोरीने झटकन त्याच्या हातावर हात ठेवला. तळवा बर्फासारखा गार पडला होता.

“ऱ्हाऊ द्या, दादा. लिहू द्या त्याला.”

त्याला फार भीती वाटली, पण त्याने हात मागे घेतला. लॅपटॉपच्या कडेचा, लिहिणं चालू असल्याची खूण देणारा छोटा दिवा लुकलुकत होता. खाली भाजीवाला ओरडत गेला. मग दिवा थांबला, आणि ‘थांबा’ची ओळ आपोआप पुसली गेली.

होडीपुढे आता ‘आलो’ होतं.

किशोरीचा मोबाइल वाजू लागला. घरून तिची आई, गोदूबाई, फोन करत होती. इंद्रजीतने उचलायची खूण केली. किशोरीने मोबाइल पदरात घट्ट धरला.

“वाजू द्या जरा,” ती म्हणाली. “उचलला का कलल, कसा आलाय तो.”