पन्नासच्या खाली

आमच्या यांना जवळचं दिसत नाही, हे मला एप्रिलमध्येच कळलं होतं. जयंतीची पत्रिका छापून आली, ती यांनी, म्हणजे धम्मानंदांनी, हात लांब करून धरली, हनुवटी मागे ओढली, डावा डोळा बारीक केला आणि "छान छापलंय" म्हणून मला परत दिली. कार्यकर्त्यांच्या यादीत त्यांचं स्वतःचंच नाव राहून गेलं होतं.

तेव्हापासून गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख मी वाचायची, गॅसचं पुस्तक मी वाचायचं, मोबाइलवर आलेला मेसेजही मीच. चष्म्याचं नाव काढलं की "बघू". मी आबिड्सला एका विमा कार्यालयात काम करते आणि आमच्या जिन्याखालीच चष्म्याची तीन दुकानं आहेत. तरी बघू. माझं डोकं फिरायचं.

फार ताणून धरत नव्हते, कारण आतलं कारण मला ठाऊक होतं. हे स्कूबा शिकवतात. शहराबाहेर पंधरा फूट खोल टाकी आहे, एका बाजूला जाड काच, काचेबाहेर बाकडी. आयटीतली पोरंपोरी समुद्रात उतरायच्या आधी इथे तयार होतात. मालक विकास आमच्या यांच्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान, आणि गोव्याहून एक तरुण शिकवणारा आणायचा विचार त्याने एकदा बोलून दाखवला होता. त्या रात्री हे जेवले नाहीत. माझे सासरे तातेराव अजून भेटेल त्याला सांगतात, माझ्या बापाला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, माझा पोरगा लोकांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवतो. असं ऐकत वाढलेला माणूस चष्मा लावायला घाबरतो, यात मला नवल वाटत नव्हतं. पण राग यायचाच.

पाण्याखाली सिलिंडरमध्ये किती हवा उरली, हे गेज सांगतं. दोनशे म्हणजे भरलेला, पन्नासला वर निघायचंच. जुन्या गेजला काटा होता. यांना आकडे दिसत नसले तरी काटा कुठे उभा आहे ते दिसायचं, तेवढ्यावर भागत होतं. जूनमध्ये विकासने सगळी गेज बदलली. नव्यांना काटाच नाही, नुसते काळे बारीक आकडे. त्या दिवशी हे घरी आले ते गप्पच होते. मी विचारलं, तर म्हणाले, नवीन सामान चांगलं आहे.

मग ऑक्टोबरमध्ये विकासने शिकवणाऱ्यांच्या घरच्यांसाठी एक रविवार ठेवला. मला पोहता येत नाही, मी नको म्हणाले. यांनी ऐकलं नाही. चार दिवस नारायणगुड्याच्या आमच्या घरात तालीम चालली. मोरीतला शॉवरचा पाइप माझ्या खांद्यावरून डाव्या कुशीला बांधला आणि त्याच्या टोकाला माझंच घड्याळ. गेज दिसलं नाही तर शोधायचं नाही, हे म्हणाले. डावा हात कमरेवर ठेवायचा, मागे सरकवायचा, पाइप हाताला लागतो, तो धरून पुढे आणायचा आणि आधी शिकवणाऱ्याच्या, मग आपल्या डोळ्यांसमोर धरायचा. अंगठा वर म्हणजे वर चला. छातीवर मूठ म्हणजे हवा कमी. ही मूठ त्यांनी माझ्याकडून वीस वेळा करून घेतली. शिकवताना हा माणूस इतका शांत असतो की घरातला हाच का, असं वाटावं.

रविवारी काचेबाहेर पस्तीसेक माणसं बसली होती. त्यांत पुढच्या रविवारी यांच्याबरोबर समुद्रावर जाणारे अकरा विद्यार्थी होते आणि विकासही होता. यांनी माझ्या सिलिंडरचं गेज हातात घेतलं, लांब धरलं आणि म्हणाले, "एकशेसत्तर. भरपूर आहे."

पाण्याखाली गेल्यावर पहिली पाच मिनिटं मी नुसती धापा टाकत होते. यांनी माझा हात धरून ठेवला होता. मग जरा निवळले. निळ्या फरशीवर गुडघे टेकले, वर पाहिलं तर माझेच बुडबुडे चढत होते. मनात म्हटलं, रेणुका, तू इथे कशी गं. खरं सांगते, फार आनंद झाला.

थोड्या वेळाने यांनी तळहातावर दोन बोटं टेकवली. हवा किती, असा तो प्रश्न. मी खाली पाहिलं, गेज नव्हतं. पाठीमागे कुठेतरी गेलं होतं. शॉवरचा पाइप आठवला. डावा हात कमरेवर, मागे, पाइप लागला. ओढून पुढे आणला आणि शिकवल्याप्रमाणे आधी यांच्यासमोर धरला.

यांनी हनुवटी मागे ओढली. मास्कच्या काचेआड डावा डोळा बारीक झाला. मग बोटांचं गोल कडं करून दाखवलं. ठीक आहे.

ते तोंड मी एप्रिलपासून रोज बघत होते. गेज स्वतःकडे वळवलं. अठ्ठेचाळीस.

छातीवर मूठ ठेवायची, एवढंच काम होतं. पण काचेला नाक लावून ते अकरा जण बसले होते आणि ती मूठ त्यांना माझ्यापेक्षा चांगली कळत होती. मास्तरांनी ठीक म्हटलं आणि बायकोने हवा संपली म्हटलं, हे विकासच्या समोर. मी मूठ केली नाही. मी अंगठा वर केला, दोन्ही हात हलवले, जितकं घाबरल्यासारखं दिसता येईल तितकं दिसले. यांनी लगेच मला सावरून हळूहळू वर आणलं.

वर हशा पिकला होता. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. हेही हसत म्हणाले, पाणी पाहिलं की आमच्या घरच्यांचं असंच होतं. मी काठावर बसून ऐकून घेतलं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही, दया आली, आणि ती रागाहून वाईट होती.

त्यांची विद्यार्थिनी प्रियदर्शिनी माझं सामान उतरवत होती. तिने सवयीने गेज पाहिलं आणि वहीत लिहायला मोठ्याने म्हणाली, "फॉर्टी फोर, सर."

हे हसायचे थांबले. तिच्या हातातून गेज घेतलं, हात लांब केला, आणखी लांब केला. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, तिथेच त्यांना सगळं कळलं.

ते काचेच्या बाजूला वळले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना कळावं म्हणून इथल्या हिंदीत बोलले.

"वो घाबरी नै थी. हवा खतम होरी थी. मैं गेज देखा, पढा नै. मेरेकू नजदीक का दिखता नै."

विकास उठून आला. चेहरा लाल झाला होता त्याचा. कधीपासून, त्याने विचारलं. सहा महिने, हे म्हणाले, आणि आज एकशेदहाला मी एकशेसत्तर म्हणालो असणार. विकास म्हणाला, मास्कमध्ये नंबरच्या काचा बसतात, त्या बसवल्याशिवाय पाण्यात पाय ठेवायचा नाही, आणि पुढचा रविवार दुसरा कुणी घेईल. काढून टाकलं नाही त्याने. पण समुद्र गेला. हे फक्त "हो" म्हणाले.

ओल्या केसांनीच आम्ही आबिड्सला आलो, माझ्या कार्यालयाखालच्या मधल्या दुकानात. दुकानदाराने यांच्या नाकावर जाडजूड लोखंडी चौकट चढवली, एकेक काच घातली, काढली. शेवटी हातात एक कार्ड दिलं. त्यावरची सगळ्यांत खालची ओळ यांनी न अडखळता वाचली आणि कार्ड मांडीवर ठेवलं.

"मी तुला मूठ शिकवली होती," ते म्हणाले.

"काचेबाहेर सगळे होते."

"तुझी हवा संपत होती, रेणुका."

सहा महिने एकट्या यांनी लपवलं नव्हतं. पाकिटं वाचून दाखवत, मेसेज वाचून दाखवत, मीही लपवायला मदत केली होती. तसं मी म्हटलंसुद्धा, आणि म्हणताना रडू आलं.

त्यांनी ती चौकट काढली नाही. तिच्यातूनच माझ्याकडे पाहत राहिले.

"पुढच्या वेळी मूठ दाखवायची," ते म्हणाले. "काचेबाहेर कुणी का असेना. आत्ता दाखव."

दुकानदार बघत होता. मी छातीवर मूठ ठेवली.