धाकटीचा गुडघा

"अजून वाकव. दुखलं तर सांग."

"दुखत नाहीये, ताई. कधीपासून तेच तर सांगतेय."

थोरलीने धाकटीची टाच धरून पाय मुडपला. टाच सहज मांडीला टेकली. गुडघ्यावर सूज नव्हती, हात लावला तर गरम लागत नव्हता. गेले कित्येक महिने दवाखान्यातल्या याच टेबलावर तिने हा गुडघा वाकवला होता, ताणला होता, त्याला भार घ्यायला शिकवलं होतं. आता तो इतका छान झाला होता, की तिला बघवत नव्हता.

दोघीही लांब उडीतल्या. थोरली आधी. कॉलेजात असताना एकदा वाळूत उतरली आणि गुडघ्यात कट्‌कन वाजलं. मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांना बांधून ठेवणारं आतलं लिगामेंट तुटलं होतं. तेव्हाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं नि सांगितलं, विश्रांती घ्या, भरून येईल. मोडलेलं हाड जुळतं, पण हे लिगामेंट तुटलं की आपणहून जुळत नाही, हे तिला पुढे फिजिओथेरपी शिकताना वर्गात कळलं. तोवर गुडघ्याला दगा द्यायची सवय लागली होती. आई म्हणाली होती, "झालं ते बरंच झालं म्हणायचं. उड्या मारून कुणाचं पोट भरलंय?"

पुढे धाकटी उड्या मारायला लागली, तर हीच आई पहाटे उठून तिचा डबा करायची आणि मैदानाच्या कडेला टॉवेल घेऊन उभी राहायची. धाकटीने थोरलीचा कॉलेजातला विक्रम मोडला तेव्हा आई कौतुकाने म्हणाली, "घरातल्या घरातच राहिला की." थोरलीही हसली होती. हसताना जबडा दुखला होता.

मागच्या वर्षी धाकटीचंही नेमकं तेच लिगामेंट तुटलं. बातमी ऐकल्याबरोबर थोरलीच्या मनात आलं, आता कळेल. ते तिने कुणाला सांगितलं नाही. पण धाकटीवर ऑपरेशन झालं. सर्जनने तिच्याच मांडीमागून कंडरा काढली, स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरीच ती, आणि गुडघ्यात तुटलेल्या लिगामेंटच्या जागी ओवली. शरीर हळूहळू तिला आपलंसं करतं, ती लिगामेंटसारखी वागायला लागते. फक्त धीर धरायला लागतो. सर्जनने चांगले फिजिओ सुचवले, पण धाकटी हटून बसली. "माझा पाय ताईच बघणार."

आज शेवटची परीक्षा होती. एका पायावर उडी मारायची. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या जवळपास पोचला, की मैदान मोकळं. थोरलीने फरशीवर टेप अंथरली. धाकटीने आधी चांगल्या पायावर उडी मारली, मग दुसऱ्यावर. उतरली ती खिळा ठोकावा तशी. गुडघा जरासुद्धा हलला नाही.

थोरली टेपवर वाकली. दोन खुणांमध्ये जेमतेम चार बोटांचं अंतर होतं.

"किती?" धाकटीने विचारलं.

"कमी आहे."

"बरंच?"

"बरंच. या वेळची स्पर्धा सोड. पुढच्या वर्षी बघू."

धाकटीने टेपकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "तू म्हणतेस तर नाही," ती म्हणाली आणि बुटांच्या नाड्या बांधायला बसली.

दुपारी आईचा फोन आला. "तिचे मैदानावरचे सर तर म्हणतात, सरावात उडी झकास पडतेय. तू का अडवतेस तिला?"

"आई, आतलं तुला काय कळणार?"

"नाहीच कळत. तिला विचारलं, तर म्हणते, ताईला कळतं, तू मध्ये पडू नकोस."

थोरलीने फोन ठेवला. पुढचा पेशंट खांदा उघडा करून बसला होता. त्याचा हात तिने उचलला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला, शेवटी तोच म्हणाला, "बाई, खाली घेऊ का?"

काम संपल्यावर ती आईकडे गेली. धाकटी जमिनीवर बसून पायाला रबरी पट्टा लावून व्यायाम करत होती.

"माझी टेप चुकली सकाळी," थोरली म्हणाली.

"टेप नाही चुकली. मला दिसत होती."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुला काहीतरी दिसलं असेल. मापात न येणारं." धाकटीने पट्टा सोडला. "घरी येईपर्यंत तसंच वाटत होतं. मग नाही वाटलं."

थोरली भिंतीला टेकून खाली बसली. तिचा एक पाय नीट दुमडत नसे, तो तिने समोर लांब केला. "तुझा गुडघा बघवत नाही गं मला," ती म्हणाली. "माझ्या वेळी कुणी..."

धाकटी पट्ट्याची गुंडाळी करत राहिली. "मला राग आलाय, ताई. तो काही लगेच जायचा नाही."

"नको जाऊ देऊस. उद्या शेजारच्या टेबलावरच्या फिजिओ बाई तुला तपासतील. त्या म्हणतील तसं कर."

दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी स्वतःची टेप अंथरली. थोरली पाठ करून आपल्या पेशंटचा खांदा फिरवत होती, कान मात्र तिकडे. "जा, मार उड्या," बाई म्हणाल्या. धाकटी थोरलीकडे न बघता निघून गेली.

स्पर्धेला थोरली गेली नाही. संध्याकाळी दवाखाना बंद करता करता आईचा फोन आला. "चौथी आली गं."

थोरलीला आत कुठेतरी बरं वाटलं. ते तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. ते तिने ओसरू दिलं. मग तिने विचारलं, "उतरताना गुडघा आत वळत होता का?"

"मला काय कळतंय त्यातलं? थांब, तिलाच देते."

मैदानावरचा गलका ऐकू येत राहिला.

"नाही वळला," धाकटी म्हणाली. "सरळ उतरले."

"सूज?"

"आहे थोडी."

"बर्फ लाव. झोपताना पाय उशीवर ठेव."

"उद्या दाखवायला येऊ? की त्या बाईंकडे जाऊ?"

"माझ्याकडे ये," थोरली म्हणाली. "जरा लवकर ये, मग गर्दी होते."

तिने दिवे मालवले, दाराला कुलूप लावलं आणि कठडा धरून, अधू पाय आधी टाकत, एकेक पायरी उतरायला लागली.