चौदा काठ्या आणि मी

मी एक जुनी काठी आहे. म्हाताऱ्या माणसाने टेकत चालावी तशी नव्हे, गोल्फ खेळायची. माझा दांडा पोलादी आहे आणि तोंड लोखंडी. तोंडावर सातचा आकडा कोरलेला आहे, पण तो आता बोट फिरवलं तरच कळतो. इतर काठ्यांपेक्षा मी हातभर आखूड आहे. का, ते पुढे सांगते. मित्रांनो, आम्हा म्हाताऱ्यांना एका दमात सगळं सांगता येत नाही. तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. भट्टीची धग आठवते आणि पॉलिश करणारा फिरता पट्टा आठवतो. मग एका लांबट खोक्यात बसून मी मुंबईला आले. चंद्रप्रकाश साहेब नावाच्या गृहस्थांनी मला विकत घेतलं. गोवंडीपासून पायी जाण्याच्या अंतरावर गोल्फचं एक मोठं मैदान आहे. तिथे साहेब दर रविवारी खेळायला येत.

हा खेळ ऐकायला सोपा आहे. लहानसा पांढरा चेंडू काठीने मारत मारत दूरच्या एका खळग्यात घालायचा. असे अठरा खळगे. ज्याला सगळ्यांत कमी फटके लागतील तो जिंकला. प्रत्येक अंतराला वेगळी काठी लागते, म्हणून खेळाडूजवळ काठ्यांनी भरलेली मोठी पिशवी असते. ती खांद्यावर घेऊन जो त्याच्याबरोबर चालतो, तो कॅडी. साहेबांचा कॅडी होता राजाराम. शिडशिडीत, कमी बोलणारा. खेळ सुरू होण्याआधी तो पिशवीतल्या काठ्या मोजायचा. नियमाने चौदाच काठ्या नेता येतात. तेरा चालतील, पंधरा नाही.

साहेब मनाने वाईट नव्हते, पण स्वभावाने फार तापट. एका रविवारी त्यांचे तीन चेंडू लागोपाठ तळ्यात गेले. तिन्ही वेळा हातात मीच होते. त्यांनी मला उचललं आणि शेजारच्या माडाच्या खोडावर हाणलं. मी मुठीपाशी वाकले. साहेबांनी मला गवतात भिरकावलं आणि ते पुढे चालू लागले.

राजारामने मला उचललं. मुकाट्याने पिशवीत टाकू शकला असता, पण तो त्यांच्या मागे धावला.

"साहेब, ही घेऊ का? घरी पोरगी आहे."

"ने, ने! फक्त परत माझ्या डोळ्यांसमोर आणू नकोस."

अशी मी गोवंडीला, राजारामच्या घरी आले. गल्लीच्या तोंडाशी एक वेल्डिंगवाला होता. त्याने माझा वाकडा भाग कापून टाकला. राजारामने उघड्या टोकावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली. झाली मूठ तयार! त्याची लेक संघमित्रा तेव्हा सहा वर्षांची होती. तिने मला दोन्ही हातांनी धरलं, ते झाडू धरावा तसं. राजारामने तिची बोटं एकेक करून सरळ केली. ती बोटं मला आजही आठवतात. चिंचेचा कोळ लागलेला होता त्यांना.

गल्लीत खरा चेंडू मारला असता तर कुणाच्या तरी खिडकीची वाट लागली असती. म्हणून संघमित्राच्या आईने, कमलने, जुन्या मोज्यात चिंध्या भरून चेंडू शिवून दिला. कमल एका शाळेत सफाईचं काम करायची. तिला या खेळातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायला सवडही नव्हती. तिची एकच रीत होती. घरातून कुणी बाहेर निघालं की डब्यात एक भाकरी जास्त घालायची. राजाराम रोज म्हणे, "अगं, दोन पुरतात मला." ती म्हणे, "जास्त झाली म्हणून कुणाचं बिघडलंय का कधी?"

सोमवारी मैदान सभासदांना बंद असे. त्या दिवशी कॅडींना खेळायची मुभा होती. संघमित्रा अकरा वर्षांची झाली तेव्हा राजाराम तिला पहिल्यांदा सोमवारी घेऊन गेला. तिच्याजवळ काठी एकच, मी. कॅडींमध्ये माणिक नावाचा एक जाडजूड माणूस होता. तो सगळ्यांत चांगला खेळायचा आणि त्याहून चांगला चिडवायचा.

"काय रे राजाराम, पोरीला शेळ्या राखायला आणलंय का? एकच काठी घेऊन आली!" मग संघमित्राला म्हणाला, "आणि तू गं, एवढी वाकून काय भात लावतेस?"

"काका, तुम्ही पण एकच काठी घ्या ना," संघमित्रा म्हणाली. "मग बघू."

बाकीचे कॅडी हसले. माणिकला माघार घेता येईना. नऊ खळगे खेळायचे ठरले. लांबचा फटका मीच, जवळचा मीच, वाळूतून चेंडू काढणारी मीच आणि गुळगुळीत हिरवळीवर चेंडू हळूच ढकलणारीही मीच. चौदा जणींचं काम मी एकटीने केलं, मित्रांनो. नवव्या खळग्यापाशी दोघांचे फटके सारखे झाले होते. संघमित्राने श्वास रोखून चेंडू ढकलला आणि तो टपकन आत पडला. माणिकचा हुकला.

"ए राजाराम, तुझी पोर माझी इज्जत काढते रे!" माणिक ओरडला, आणि त्याने तिला खांद्यावर घेऊन कॅडींच्या शेडपर्यंत मिरवलं. एवढं कौतुक मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. त्यातलं थोडं माझं होतं, असं मी अजून मानते.

त्यानंतर माझे दिवस फिरले. तिची उंची वाढली, माझी कशी वाढणार? दोघा-तिघा सभासदांनी तिला जुन्या पण धड काठ्या दिल्या. ती शाळेच्या, मग राज्याच्या स्पर्धा खेळू लागली. मी कपाटामागे उभी राहिले. तिथून मला कमलने बाहेर काढलं. वरच्या दोरीवरचे कपडे काढायला, पलंगाखाली गेलेली चप्पल ओढायला, मांजराला हाकलायला मी उपयोगी पडू लागले. खरं सांगते, आधी मला अपमान वाटला. पण कमल दर रविवारी भांड्यांबरोबर मलाही राखेने घासायची, कोरड्या फडक्याने पुसायची आणि म्हणायची, "तुझ्यामुळे झालं गं माझ्या लेकीचं." गंजाला तिने माझ्या अंगाला शिवू दिलं नाही. मैदानावर माझा उपयोग झाला होता. माया मला त्या स्वयंपाकघरात मिळाली.

संघमित्राला व्यावसायिक खेळाडू व्हायचं होतं. त्यासाठी दर वर्षी एक चाचणी स्पर्धा होते. चार दिवस खेळायचं. पहिल्या वीस जणींना वर्षभर मोठ्या स्पर्धांत खेळायचं कार्ड मिळतं. ती दोनदा हुकली होती. अंधेरीत ती लहान मुलांना गोल्फ शिकवायची, तेवढ्यावर किती दिवस काढणार? तिसऱ्या वर्षी तिने घरात सांगून टाकलं, "या वेळी नाही झालं तर मी काठ्या ठेवून देणार. एका ऑफिसात बोलून ठेवलंय. एक तारखेपासून नोकरी."

राजाराम तिच्या काठ्या पुसत बसला. कमलने भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

त्या वर्षी चाचणी आमच्याच मैदानावर होती आणि तिची पिशवी राजारामच्या खांद्यावर होती. तीन दिवस संपले तेव्हा ती एकोणिसावी होती. चौथ्या दिवशी पहाटे कमलने डबा भरला, एक भाकरी जास्त घातली. मग तिची नजर माझ्यावर गेली. तिने मला एका जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि पिशवीत, सगळ्या काठ्यांच्या मध्ये, खाली सोडलं. लेकीला घरातून एक जास्तीची काठी. जास्त झाली म्हणून कुणाचं बिघडलंय का?

मी काय करणार होते? मला तोंड आहे, पण ते चेंडूपुरतं.

मैदानावर राजारामने नेहमीप्रमाणे काठ्या मोजल्या. पिशवीबाहेर जी डोकी दिसतात ती मोजायची, अशी त्याची तीस वर्षांची सवय. चौदा डोकी होती. त्याने पुन्हा मोजली. चौदाच. मी आखूड असल्यामुळे पार आत बुडाले होते.

पहिला खळगा चांगला गेला. दुसऱ्यावर तिचा पहिला फटका झाल्यावर राजाराम पिशवी खाली ठेवत असताना ओढणी सुटली आणि मी दुसऱ्या काठीवर आपटले. ठण्‌! राजाराम थबकला. त्याने कोपरापर्यंत हात आत घातला आणि माझा झिजलेला सातचा आकडा त्याच्या बोटांना लागला.

त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"संघू," तो अगदी हळू म्हणाला, "आत पंधरा आहेत."

संघमित्राने वाकून पाहिलं. मला तिने लगेच ओळखलं.

"मी मोजल्या होत्या गं. दोनदा मोजल्या." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "कुणी बघितलं नाहीये. आपण हिला वापरली पण नाही. त्या झुडपात सरकवतो, संध्याकाळी…"

"पप्पा."

एवढंच ती म्हणाली. राजारामने मान खाली घातली. दुसऱ्याची मोडकी काठीसुद्धा विचारून घेणारा माणूस तो. लेकीच्या मायेने क्षणभर घसरला, मित्रांनो, त्याला हसू नका.

संघमित्राने हात वर केला आणि बरोबरच्या खेळाडूला, ऋतिकाला, हाक मारली. ऋतिकाच तिचे फटके लिहीत होती. ती आली आणि मला बघून हसलीच.

"अगं, ही केवढीशी आहे! ही पण धरायची?"

"काठी ती काठी," संघमित्रा म्हणाली. "पंचांना बोलाव."

पंच आले. दोन खळग्यांचे दोन-दोन, मिळून चार फटके दंड. नियमच तसा आहे. ही काठी आता खेळातून बाद, अशी खूण म्हणून मला पिशवीत डोकं खाली करून ठेवलं.

 राजारामला पिशवीचा पट्टा खांद्यावर चढवता येईना. संघमित्राने तो चढवून दिला.

"पप्पा, मोजायचं काम तुम्ही बरोबर केलंत. आता मारायचं काम माझं. चला."

उरलेले सोळा खळगे ती अप्रतिम खेळली. मला उलट्या डोक्याने काही दिसत नव्हतं, फक्त फटक्यांचे आवाज येत होते. आवाजावरून मला फटका कळतो. त्या दिवशीचे सगळे स्वच्छ होते. तरी शेवटी तीन फटक्यांनी कार्ड हुकलं. चार दंड झाला नसता, तर ती आत होती.

घरी जाताना राजाराम म्हणाला, "आईला नको सांगू. फार मनाला लावून घेईल ती."

पण कमल दारातच उभी होती आणि तिने आधी राजारामच्या हातातल्या माझ्याकडे पाहिलं. "हिचा उपयोग झाला का गं?"

संघमित्रा पाणी प्यायली, मग तिने आईला पलंगावर बसवलं आणि सरळ सांगितलं. चौदाचा नियम, पंधरावी मी, चार फटके दंड, तीन फटक्यांनी हार. कमल ऐकत राहिली. रडली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तू हरली नाहीस. मी हरवलं तुला."

"तसं नाही गं आई."

"तसंच आहे. मग नोकरी कसली धरतेस? तू हरली असतीस तर तुझा शब्द होता. हे वर्ष मी घालवलंय, मी भरून देणार. अजून एक वर्ष खेळायचं. मी शाळा सुटल्यावर आणखी एका ठिकाणी काम धरते."

"अहो, बघा ना हिला," संघमित्रा वडिलांकडे वळून आईच्याच सुरात म्हणाली. राजाराम त्या दिवशी पहिल्यांदा हसला. आणि एक तारखेला कुणीही ऑफिसात गेलं नाही.

माझ्यामुळे तिचं वर्ष गेलं आणि माझ्यामुळेच तिला आणखी एक वर्ष मिळालं. दोन्ही खरं आहे. मी त्यातलं एक विसरू शकत नाही आणि दुसऱ्याबद्दल उपकार मानल्यावाचून राहू शकत नाही.

पुढच्या वर्षी चाचणी पुन्हा आमच्याच मैदानावर होती आणि कमलने सुट्टी काढली. मी घरीच होते, तिथलं सगळं नंतर घरात ऐकलं. पहिल्या फटक्याच्या जागी ती पदर खोचून पुढे झाली, सगळ्या काठ्या गवतावर काढून एकेकीला हात लावून मोठ्याने मोजल्या आणि मग पिशवी उलटी करून झटकली. एक वाळकं पान पडलं, बाकी काही नाही. ऋतिका पोट धरून हसत होती. माणिक आता म्हातारा झाला होता, तो कुंपणाशी उभा राहून ओरडला, "वहिनी, राजारामची नोकरी घेतलीत की हो!" त्या वर्षी संघमित्रा सातवी आली. आज ती देशभर खेळते, दोनदा जिंकलीही आहे. पेपरात तिचा फोटो येतो. त्यात मी नसते आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी असेल. मोडकी पट्टी, बिनचाकाची गाडी, आजोबांचा चष्मा. त्यांना कधीमधी पुसत जा. आम्हाला हात लागला की बरं वाटतं. पण आमच्या भरवशावर राहू नका. मेहनत तुमची आणि खरेपणाही तुमचाच. आणि तुमचं चुकलं किंवा तुमच्या माणसाचं चुकलं, तर ते झुडपात सरकवू नका.

मी हल्ली गोवंडीच्या त्याच घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते. स्पर्धेला निघायच्या दिवशी कमल सगळ्या काठ्या पलंगावर मांडते. संघमित्रा दारात बूट घालता घालता ओरडते, "आई, किती?"

"चौदा!" कमल आतून सांगते. मग माझ्या अंगावरून हात फिरवते आणि हळूच म्हणते, "तू राहा गं माझ्याजवळ."