बिनहाडाचा भोपळा

"खाटकाच्या घरात जन्म घेतला आणि ताटात भोपळा घेऊन बसतो!" शेजारणीला सांगताना म्हातारीच्या कपाळावरची शीर तटतटली. "महिना झाला, मांसाचा तुकडा तोंडात घातला नाही. वर म्हणतो, पोटाला हलकं वाटतं. बाप ह्याचा अख्खा बोकड खांद्यावर टाकून आणायचा, आणि ह्याला हलकं वाटायला हवंय!"

लेक एकटा बिघडला असता, तर तिनं चार शिव्यांत सरळ केला असता. पण गावच उलटलं होतं. चार वर्षं माळाला हिरवं दिसलं नव्हतं. माती अशी भाजली होती की पाय पडला की कौलासारखी कडकन तुटायची. शेळीला पाजायचं पाणी माणसालाच पुरेना. ओढ्याकाठी शेंगा आणि भोपळे तेवढे मुकाट वाढत होते. लोकांनी मांस रोजचं आठवड्यावर आणलं, मग पाहुणा आला तरच. पुढं पाहुणेही भोपळाच मागू लागले.

आणि आज सुतार दुकानातला ओंडका न्यायला दारात उभा होता. तीन पिढ्यांनी मांस तोडून मध्ये खड्डा पाडलेला ओंडका. लेक दुकानाला कुलूप घालणार होता.

"हात लावायच्या आधी बोटं मोजून घे," म्हातारी सुताराला म्हणाली.

"आई, गिऱ्हाईक नाही," लेक वैतागला. "ओंडक्यावर काय माझं डोकं ठेवू?"

"भोपळा ठेव."

तिनं आतून दांडगा भोपळा आणला, आकड्याला टांगला, पदर खोचला आणि सुरा परजला. तेवढ्यात शिंपीण रस्त्यानं चालली होती. टांगलेलं दिसताच तिचे पाय सवयीनं थांबले.

"काकू, आजचाच का?"

"पहाटे वेलीवरून उतरवलाय. ओरडलासुद्धा नाही."

"मग मांडीचा द्या अर्धा किलो. चरबी काढून."

म्हातारीनं पापणी न हलवता आतला गर खरवडला. "कलेजी टाकू थोडी?" म्हणत मूठभर बिया वर घातल्या. शिंपीण खूश.

बघता बघता रांग लागली. कुणाला मानेचा हवा, कुणाला पाठीचा. गुरुजी पुडी घेऊन घरी गेले आणि तणतणत परत आले. "काकू, निम्मी हाडंच टाकलीत!" त्यांनी देठ दाखवला.

"हाडाशिवाय रसाला चव कुठून येणार, गुरुजी?"

गुरुजींनी विचार केला, पटलं, गेले. ओंडका न्यायला आलेला सुतारही रांगेत उभा राहिला. "काकू, खिमा मिळेल का?"

"आई, सगळे खुळे झालेत," लेक कुजबुजला. "भोपळ्याला कुठं मान असते?"

"सुरा धर."

लेकानं डोळे मिटून वरून दाणकन घाव घातला. भोपळा फुटला, निम्मा उडून गटारात गेला. रांगेत मागून कुणीतरी हळहळलं, "अरेरे, खांद्याच्या फऱ्याचा नास केला."

म्हातारीनं लेकाच्या हातातून सुरा काढून घेतला.

"मांस सोडलंस, ते पचवलं मी," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "उद्या हवा खाऊन राहिलास तरी ताट मांडीन. पण मान कुठली नि मांडी कुठली हे ज्याला कळत नाही, तो कसला खाटीक! ओंडका इथंच राहील. सुताराबरोबर तू जा."